शाईतला वेळू कसा पाहावा

मी फू हा अकराव्या शतकातला चिनी चित्रकार आणि फार चोखंदळ संग्राहक. ह्वांगचौ गावी हद्दपारीचे दिवस काढणाऱ्या सू शी या कवीला तो भेटायला गेला. मद्य चढल्यावर सू शीनं त्याला भिंतीवर कागद चिकटवायला सांगितलं. मग तो उठला आणि त्या कागदावर दोन वेळू, एक वठलेलं झाड आणि एक ओबडधोबड खडक काढून ते चित्र त्यानं मी फूला दिलं. पुढे एका परिचितानं ते चित्र मी फूकडून मागून नेलं आणि परत दिलंच नाही. चित्रकलेवरच्या आपल्या पुस्तकात मी फूनं हेही आठवणीनं नोंदवून ठेवलं आहे.

त्याच पुस्तकात एक प्रश्न आहे. सू शी वेळूचा दांडा जमिनीपासून शेंड्यापर्यंत एका दमात ओढत असे, मधे पेरं पाडत नसे. असं का, हे मी फूनं त्याला विचारलं. सू शीनं उलट त्यालाच विचारलं, की वेळू उगवतो तो काय एकेक पेर करत उगवतो?

चीनमधली शाईची वेळूचित्रं कशी पाहायची याची किल्ली मला या उत्तरात सापडते. पावसाळ्यात बाजारात येणारा वेळूचा कोंब, विदर्भात ज्याला वास्ते म्हणतात तो, उभा चिरून पाहा. आत पातळ पडदे एकावर एक दाटीनं रचलेले दिसतात. उद्या घराच्याही वर जाणाऱ्या वेळूची पेरं त्या वीतभर कोंबात आजच तयार असतात. वेळू जमिनीतून डोकं काढतो तेव्हाच आपली जाडी घेऊन येतो. आंब्याचं किंवा सागाचं खोड वर्षागणिक रुंदावतं, वेळूचं तसं होत नाही. आत घडी करून ठेवलेलं सगळं तो काही आठवड्यांत फक्त ताणून उलगडतो. सू शीचं म्हणणं असं, की झाड जर सगळं एकदम उगवत असेल तर चित्रकारानं ते तुकड्यातुकड्यांनी जोडून कसं चालेल? वेळू जसा वाढतो तसा हात चालला पाहिजे.

म्हणून अशा चित्रापुढे उभं राहिल्यावर ‘हुबेहूब आहे का’ हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि हात कुठून निघाला, कुठे दबला, कुठे थबकला, कुठे उचलला गेला, हे शोधायला लागावं. प्रत्येक फटकारा कागदावर आपली दिशा आणि वेग सोडून गेलेला असतो. चांगलं वेळूचित्र नऊशे वर्षांनंतरही पुन्हा पहिल्यापासून काढून बघता येतं, नुसत्या डोळ्यांनी. त्यासाठी साहित्याची आणि कृतीची थोडी ओळख मात्र हवी.

शाईपासून सुरुवात करू. चीनमध्ये चित्राची शाई कांडीच्या रूपात मिळते. पाइनचं लाकूड किंवा तुंग नावाच्या झाडाच्या बियांचं तेल जाळून काजळी धरायची, ती जनावराच्या कातड्या-हाडांपासून काढलेल्या सरसात मळायची, कुटायची, साच्यात दाबायची आणि सावकाश वाळवायची. आपल्याकडे पोथ्या लिहिणारेही काजळ आणि डिंक खलून शाई करत, त्यामुळे ही कृती मराठी वाचकाला परकी वाटू नये. आन्ह्वेइ प्रांतातला ह्वेइचौचा परिसर या कांड्यांसाठी शतकानुशतकं प्रसिद्ध आहे. पाइनच्या काजळीची शाई निळसर झाकेची आणि मंद असते. तेलाच्या काजळीची शाई चमकदार आणि किंचित उबदार. काजळी म्हणजे जवळजवळ सगळा कार्बन. तो उन्हानं विटत नाही. चित्राचं रेशीम तपकिरी पडतं, कागद जीर्ण होतो, पण काढलेली रेघ काळीच राहते.

कांडी दगडी उगाळणीवर पाण्याचे थेंब टाकून हळूहळू उगाळतात, आपण सहाणेवर चंदन उगाळतो तशी. पाणी किती घेतलं त्यावर काळा किती गडद हे ठरतं. शाईत पाच रंग असतात असं चिनी चित्रकार मानतात. अगदी करड्या धुक्यापासून ओल्या डांबरासारख्या काळ्यापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या त्यांना त्यात अभिप्रेत असतात. या पायऱ्या डोळ्यांना दिसू लागल्या की चित्रात रंग नाही असं वाटेनासं होतं.

कुंचल्याची दांडी बहुधा वेळूचीच असते. केस बकरीचे किंवा वीझल नावाच्या मुंगसासारख्या लहान प्राण्याचे असतात. चिनी भाषेत या दुसऱ्या कुंचल्याला लांडग्याच्या केसांचा म्हणतात, पण लांडग्याचा त्याच्याशी संबंध नाही. बकरीचे केस मऊ, पाणी भरपूर धरणारे. वीझलचे ताठ, दाबल्यावर उसळून परत येणारे. गोल भरलेला कुंचला ओला केला की त्याला सुईसारखं टोक येतं. नुसतं टोक टेकवलं तर केसाएवढी रेघ उमटते, तोच कुंचला पोटापर्यंत दाबला तर बोटाएवढी. बोरूची रेघ त्याला दिलेल्या कापावर ठरते. इथे मात्र जाडी-बारकाई त्या क्षणी मनगट आणि खांदा ठरवतात. आणखी एक युक्ती आहे. कुंचला आधी फिक्या शाईत भिजवायचा आणि मग फक्त टोक गडद शाईला लावायचं. एकाच फटकाऱ्यात गडदापासून फिक्यापर्यंतचा उतार मिळतो आणि सपाट रेघेला गोलाई येते.

राहिला कागद. आन्ह्वेइमधल्याच चिंग परगण्यात श्वान कागद होतो. चिंगथान नावाच्या झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांच्या लगद्यातून तो हातानं उचलला जातो. २००९ साली युनेस्कोनं ही कला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. या कागदाला तुरटी-सरसाचं पाणी दिलेलं नसेल तर तो शाई टिपकागदासारखा पितो. हात क्षणभर जरी घुटमळला तरी डाग पसरतो. खोडता येत नाही, वरून गिरवता येत नाही; गिरवलेलं दुसऱ्या थरासारखं वेगळं दिसतं. जुन्या, विशेषतः सू शीच्या म्हणजे सुंग काळातल्या पुष्कळ चित्रकारांनी मात्र रेशमावर काढलं. प्रक्रिया केलेल्या रेशमावर शाई वरच्या वर बसते आणि कडा स्वच्छ राहतात. समोरचं चित्र रेशमावर आहे की कागदावर, हे पाहूनच पुढचं बोलावं. कागदावरच्या चित्रात ओल कशी खेळवली ते बघायचं, रेशमावरच्या चित्रात रेघेची कड.

आता वेळू. १२९९ साली प्रस्तावना लिहिलेलं ली खान (१२४५–१३२०) याचं वेळूवरचं पुस्तक हा या विषयाचा मोठा आधार. हा माणूस अधिकारी होता. राजदूतांच्या तांड्याबरोबर तो आजच्या उत्तर व्हिएतनामपर्यंत गेला आणि वाटेत वेळूच्या जाती निरखत, टिपून घेत गेला. त्याच्या पद्धतीत वेळूचे चार भाग: दांडा, गाठी, फांद्या, पानं. याच क्रमानं काढायचं, आणि मला वाटतं, पाहायचंही याच क्रमानं. पानांचा पसारा आधी डोळ्यात भरतो हे खरं, पण पानं बाजूला सारून दांडा शोधावा.

दांड्याचा फटकारा असा. कुंचल्याचं टोक रेघेच्या मधोमध ठेवून टेकवायचं, किंचित दाबायचं, वेगानं सरकायचं, पुन्हा दाबायचं आणि उचलायचं. हे झालं एक पेर. केसभर जागा सोडून पुढचं पेर. पुष्कळ चित्रकार खालून वर जातात, ली खान शेंड्याकडून मुळाकडे यायला सांगतो. दिशा कुठलीही असो, मधल्या फटींमधून हाताचा झोक तुटता कामा नये. विहिरीवरचा रहाट ओढताना हात बदलतो पण दोर थांबत नाही, तसं. पेरांची लांबीही पाहावी: मुळाशी आखूड, मधे लांब, शेंड्याकडे पुन्हा आखूड. सगळी पेरं सारखी निघाली तर ती शिडी झाली. दांड्याच्या मधे कुठेकुठे शाई तुटून कागदाचा पांढरा पट्टा दिसेल. कुंचला वेगात कोरडा पडला म्हणून तो उमटला. चिनी भाषेत याला उडता पांढरा म्हणतात. अनोळखी नजरेला ती चूक वाटते. प्रत्यक्षात दांड्यावर पडलेला उजेड त्या पांढऱ्यातूनच दिसतो.

गाठी अगदी थोडक्या कामाच्या, पण वेळू उभा राहतो तो त्यांच्यावर. दोन पेरांमधल्या फटीत गडद शाईची छोटी रेघ येते; दोन्ही टोकं जरा वर उचललेली, मधे दबलेली, बीजेच्या चंद्रकोरीसारखी. दांड्याची फिकी शाई अर्धवट ओली असतानाच ही रेघ पडली तर तिची कड थोडी विरघळते आणि गाठ दांड्यातूनच आल्यासारखी वाटते. पूर्ण वाळल्यावर काढली तर वरून बांधलेल्या दोऱ्यासारखी दिसते. लहानशी जागा आहे, पण चित्रकाराला आपल्या वेळेचं भान होतं की नाही हे तिथे उघड होतं.

फांद्या गाठीतूनच फुटायला हव्यात, आणि एका गाठीला डावीकडे तर पुढच्या गाठीला उजवीकडे. हा वेळूचा नैसर्गिक नियम आहे आणि चित्रकार तो सहसा मोडत नाहीत. त्या झरझर काढलेल्या असतात. कोवळी फांदी लवचीक आणि वर झेपावणारी, जुनी ताठ आणि गाठाळ.

मग पानं. एक पान म्हणजे एकच फटकारा. टोक हलकेच टेकतं, कुंचला दबून पोट भरतं, आणि हात पुढे जाता जाता वर उचलला जातो. शेवटचं अणकुचीदार टोक कुंचला कागद सोडून हवेत जाताना उमटतं. मी जुन्या वर्तमानपत्रांवर हे पान काढून पाहिलं, शेकड्यांनी. दाबायला सगळ्यांना जमतं. सोडायला जमत नाही, कारण हात कागदावर थांबवायची आपल्याला लिहिताना सवय लागलेली असते. पान फार भरलं तर पीचच्या झाडाचं वाटतं, फार बारीक झालं तर विलोचं. जुन्या शिकवणीत या दोन्ही चुकांचा नाव घेऊन इशारा दिलेला आहे.

पानांच्या झुपक्यांना आकारावरून नावं आहेत. दोन पानांचा झुपका म्हणजे पाकोळीची शेपटी. तीन पानांचा झाला, मधलं सरळ खाली आणि दोन बाजूंना तिरपी, तर त्याला ‘क’ हे चिनी अक्षर म्हणतात. बाणाच्या टोकासारखं ते दिसतं. वेळूसाठी असलेल्या चिनी अक्षरातच असे दोन लोंबते झुपके शेजारी शेजारी आहेत. यांगचौ शहरात १८१८ साली एका मिठाच्या व्यापाऱ्यानं बांधलेल्या बागेचं नाव ‘क युआन’ आहे, म्हणजे त्या अक्षराची बाग, कारण बागेत वेळू आहेत. १७०१ साली निघालेल्या ‘मोहरीच्या दाण्याएवढी बाग’ या चित्रशिक्षणाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात असे झुपके पानंच्या पानं भरून दाखवले आहेत. नमुने पाठ करणं सोपं आहे. खरी परीक्षा झुपक्यावर झुपका येतो तेव्हा होते. पानं एकमेकांना फुलीसारखी छेदू नयेत, कंगव्याच्या दात्यांसारखी समांतर येऊ नयेत, आणि तरी दाटी वाटावी.

इथे एक गोष्ट मी फूनं वेन थोंग या चित्रकाराच्या नावावर लिहिली आहे: पानाची वरची बाजू गडद आणि पाठ फिकी काढायला सुरुवात त्याच्यापासून झाली. आज ही युक्ती इतकी रुळली आहे की ती कोणाला तरी सुचावी लागली हेच विसरायला होतं. गडद पानं पुढे येतात, फिकी मागे जातात, आणि सपाट रेशमावर वाऱ्याला शिरायला जागा होते.

पानांवरून चित्रातलं हवामान ओळखता येतं. स्वच्छ दिवशी पानं वर उचललेली. पावसात पाण्याच्या वजनानं सगळी खाली लोंबलेली. वाऱ्यात दांडा वाकलेला आणि पानं एका बाजूला ताणलेली, काही उलटी होऊन पाठ दाखवणारी. बर्फात पानांच्या वरच्या कडा कोऱ्याच सोडलेल्या. पाऊस दाखवायला रेघा नाहीत, वारा दाखवायला धूळ नाही, तरी हवामान कळतं. मला यातला वारा सगळ्यात अवघड वाटतो. वाऱ्यात वेळू मोडल्यासारखा दिसला तर चित्र फसलं. वाकलेल्या दांड्यात परत उभं राहायची ताकद दिसायला हवी.

पण मुळात काळा का? चीनमध्ये एक आख्यायिका सांगतात. दहाव्या शतकात ली नावाच्या एका स्त्रीनं चांदण्या रात्री खिडकीच्या कागदावर पडलेली वेळूची सावली पाहिली आणि ती शाईनं तशीच उतरवून घेतली. शाईच्या वेळूचा जन्म तिथला. इतिहास म्हणून ही गोष्ट धरता येणार नाही, पण तिच्यातलं निरीक्षण पक्कं आहे. कागदी खिडकीवरच्या सावलीत हिरवा रंग नसतो, शिरा नसतात, खवले नसतात. राहतो फक्त आकार आणि हालचाल. जवळचं पान गडद, दूरचं पुसट. आपल्याकडचा कळक दाट बेटात वाढतो आणि त्याचा एकेक दांडा सुटा दिसणं कठीण. चीनमधल्या पुष्कळ जाती जमिनीखालून धावत जाऊन अंतराअंतरानं वर येतात. सुटा उभा राहिलेला एकच वेळू आणि मागे उजेड, हे दृश्य तिथे रोजचं आहे.

आता एका चित्रापाशी थांबू. तैपेइच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात वेन थोंगचं (१०१८–१०७९) वेळूचं चित्र आहे. रेशमावर, सुमारे १३२ सेंटिमीटर उंच आणि १०५ सेंटिमीटर रुंद. सही नाही, त्याचे शिक्के आहेत. वेळू उभा नाहीच. जणू कड्यावरून निघाल्यासारखा तो वरच्या बाजूनं चित्रात शिरतो, खाली झुकतो, आणि शेंड्याशी पुन्हा वर वळतो. कडा काढलेला नाही, आकाश नाही, जमीन नाही. वळणावर पानांची दाटी आहे, तिथे गडद आणि फिकी शाई एकमेकींत मिसळून गेली आहे. शेंड्याकडे पानं विरळ आणि हलकी होत जातात. दांडा नजरेनं धरून वरून खाली या. खाली येताना वजन जाणवतं. वळणापाशी क्षणभर काहीच पुढे सरकत नाही. मग शेंडा उचलला जातो. ती उचल पाहिली की कुठलाही उजेड, कुठलाही सूर्य चित्रात नसताना झाड कशाकडे वळलं आहे ते कळतं.

वेन थोंग अधिकारी म्हणून आजच्या शान्शी प्रांतातल्या यांग परगण्यात होता. तिथल्या युन्दांग नावाच्या दरीत वेळूच वेळू होते. सू शीनं त्याला थट्टेनं लिहिलं होतं, की तिथली सगळी वेळूराई तुझ्या पोटात गेली असणार. पत्र पोचलं तेव्हा वेन थोंग पत्नीसह त्याच दरीत होता आणि वेळूचे कोंब शिजवून जेवत होता. हसता हसता त्याच्या तोंडातला भात ताटाबाहेर उडाला. चित्रं मागायला लोक त्याच्या दारी रेशमाचे तागे घेऊन येत, इतके की त्यानं वैतागून रेशीम जमिनीवर टाकलं आणि याचे मोजे शिवतो म्हणाला. हे सगळं आपल्याला सू शीमुळे माहीत आहे. आणि चित्र काढण्याआधी पूर्ण वाढलेला वेळू छातीत असायला हवा, ही वेन थोंगची शिकवणही सू शीनंच शब्दांत बांधली. चिनी भाषेत आजही एखाद्या कामाची आखणी मनात पक्की असलेल्या माणसाबद्दल बोलताना ‘छातीत तयार वेळू असलेला’ असा वाक्प्रचार वापरतात.

वेन थोंगची हूचौ शहरी नेमणूक झाली, पण तिथे पोचण्याआधीच, १०७९ च्या आरंभी, वाटेत तो वारला. ज्या गावात त्यानं कधी कारभार पाहिला नाही त्या गावाच्या नावानं त्याची चित्रपरंपरा ‘हूचौची वेळूपरंपरा’ म्हणून ओळखली जाते. ती जागा मग सू शीला मिळाली. त्याच वर्षीच्या सातव्या चांद्रमासाच्या सातव्या दिवशी सू शीनं पुस्तकं आणि चित्रं उन्हात घातली. त्यात वेन थोंगनं भेट दिलेला युन्दांगचा वेळू निघाला. गुंडाळी बाजूला ठेवून तो मोठ्यानं रडला, आणि मग बसून त्यानं हा सगळा वृत्तांत लिहिला. पुढच्या तीन आठवड्यांत, कवितांतून राजसत्तेची निंदा केल्याच्या आरोपाखाली त्याला हूचौमध्येच अटक झाली. ह्वांगचौची हद्दपारी ही त्याचीच शिक्षा. मी फूपुढे भिंतीवरच्या कागदावर त्यानं काढलेला वेळू हा असा मागून आलेला आहे.

वेळूच का, याचं उत्तर काही अंशी भाषेतच आहे. गाठीला चिनी भाषेत जो शब्द आहे, त्याच शब्दाचा दुसरा अर्थ निष्ठा, आब, न सोडलेलं तत्त्व. आणि मराठीत ‘पोकळ’ म्हटलं की निंदा होते, पण चिनीत रिकामं मन म्हणजे नम्र मन. आतून रिकामा, गाठीशी पक्का, थंडीतही हिरवा, वाकणारा पण न मोडणारा: नोकरशाहीत वावरणाऱ्या सुशिक्षित माणसाला यात आपलं आदर्श रूप दिसलं. मंगोल राजवटीत, तेराव्या-चौदाव्या शतकांत, या प्रतिमेला धार आली. परक्या सत्तेखाली कोणी नोकरी पत्करली, कोणी दूर राहिलं, आणि वेळू दोघांनीही काढला.

त्या काळातला चाओ मंगफू (१२५४–१३२२) हा सुलेखनकार आणि चित्रकार. खडक, झाडं आणि वेळू असलेल्या आपल्या एका चित्रावर त्यानं लिहून ठेवलं, की खडकाला, झाडाला आणि वेळूला सुलेखनाच्या वेगवेगळ्या रीती लागतात, कारण लिहिणं आणि चित्र काढणं मुळात एकच. त्याच्यानंतरच्या को च्यौस यानं हेच वेळूपुरतं फोडून सांगितलं: दांडा जुन्या मुद्रालिपीच्या सम रेघेनं, फांद्या धावत्या लिपीनं, पानं दाबून सोडायच्या कारकुनी लिपीच्या वळणानं. धावती लिपी म्हणजे काय ते मोडीचा कागद पाहिलेल्याला लगेच उमगेल. अक्षरापेक्षा तिथे हाताची धाव आधी दिसते. वेळूचं चित्र सुशिक्षितांना इतकं जवळचं का झालं याचं हे व्यावहारिक कारण. लहानपणापासून रोज लिहून त्यांचा हात आधीच तयार होता.

चाओची पत्नी क्वान ताओशंग (१२६२–१३१९) हूचौचीच. १३०८ सालची तिची एक आडवी गुंडाळी तैपेइला आहे. बाकीचे चित्रकार वेळू जवळून, एकदोन दांड्यांत पाहत होते. तिनं पाण्याकाठची पूर्ण राई पाहिली, पावसात आणि धुक्यात बुडालेली. पान असं वेगळं दिसतच नाही, ओलसर करड्या झुळकी दिसतात. वेळूच्या इतिहासात तिचं नाव नवऱ्यामागून घेतात, ते मला पटत नाही. ही दृष्टी तिची स्वतःची आहे. अशी गुंडाळी पाहताना उजवीकडून डावीकडे, हातभर उघडत आणि मागची गुंडाळत जायचं असतं. संग्रहालयात ती पूर्ण उलगडून काचेखाली ठेवतात. आपण निदान चालत चालत, एका वेळी थोडं पाहावं.

नी त्सान (१३०१–१३७४) म्हणत असे, की माझ्या वेळूला कोणी ताग म्हणो की बोरू, मी वाद घालणार नाही. मनातली मोकळीक उतरवणं एवढंच माझं काम. हे वाक्य आधाराला घेऊन कुठल्याही फराट्यांना पुढे वेळूचित्र म्हटलं गेलं. नी त्सानची चित्रं समोर ठेवली की कळतं, त्याला पान नीट काढता येत होतं. त्यानं काय सोडलं हे पाहायला त्याला काय येत होतं हे आधी पाहावं लागतं.

चार शतकांनंतर चंग बान्चियाओ आला, जन्म १६९३. शान्तुंग प्रांतात तो परगण्याचा अधिकारी होता. दुष्काळात लोकांना धान्य देण्यावरून वरिष्ठांशी बिनसलं आणि १७५३ साली नोकरी सुटली. यांगचौला येऊन तो चित्रं विकून राहू लागला. १७५९ साली त्यानं दरपत्रक लावलं: मोठ्या चित्राला चांदीचे सहा ल्यांग, मधल्याला चार, लहानाला दोन. भेटवस्तूंऐवजी रोख आणा, असं त्यात स्पष्ट होतं. वेन थोंगचे मोजे आणि हे दरपत्रक यांच्यामधे सातशे वर्षांत चित्रकाराचं जगणं किती बदललं ते दिसतं.

बान्चियाओचे वेळू सडपातळ, टणक, मोजक्या पानांचे. आणि त्यानं वेन थोंगच्या शिकवणीत एक भर घातली. पहाटे उठून पाहिलेला वेळू डोळ्यातला. मनात उभा राहतो तो त्याहून निराळा. आणि कुंचला टेकल्यावर उतरतो तो तिसराच. मला हे वेन थोंगच्या विरोधात वाटत नाही. छातीत तयार वेळू नसेल तर हात निघणार नाही, आणि निघालेल्या हाताला कागद जे वळण देईल ते घेतलं नाही तर फटकारा मेलेला उमटेल. त्याच्या चित्रात अक्षरंही नीट पाहावीत. दांड्यांच्या मधल्या जागेत, तिरप्या ओळींत, ती वेळूच्या रानातून वाट काढत गेल्यासारखी लिहिलेली असतात. मजकूर वाचता आला नाही तरी चालेल. अक्षराचा आणि पानाचा फटकारा एकाच हाताचा आहे, हे दिसतं.

कोऱ्या जागेबद्दल थोडंसं. ती उरलेली जागा नसते, सोडलेली असते. धुकं, पाणी, आकाश, भिंत, सगळं तिच्यात येतं. अंगठ्यानं एखादा कोपरा झाकून पाहा; वेळूचा तोल गेला तर ती जागा चित्राचा भाग होती. लाल शिक्क्यांपैकी एखाददुसरा चित्रकाराचा, बाकीचे पुढच्या मालकांचे. छ्यानलुंग बादशहासारख्यांनी तर जुन्या चित्रांवर शिक्क्यांची गर्दी केली आहे. माझ्या मते अतिच. पण त्या शिक्क्यांवरून चित्र कुठून कुठे गेलं याचा माग लागतो, म्हणून अभ्यासकांना ते हवेच असतात.

चांगलं-वाईट ओळखायला एक वेगळी कसोटी मी वापरतो. आधी दांड्यावरून नजर एकदाच, न थांबता, खालून वर नेतो. कुठे अडखळली तर पाहतो, की चित्रकार अडखळला की मी. मग सगळ्यात फिकी पानं शोधतो. गडद पानांत चलाखी लपते. फिक्या पानांत ती लपत नाही, कारण तिथे रेघेला शाईचा आधार कमी असतो. शेवटी पानांची टोकं. ती हवेत सुटलेली असतील तर हात मोकळा होता.

तैपेइच्या संग्रहालयानं आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं आपल्या चित्रांच्या मोठ्या प्रतिमा सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. जुनं रेशीम उजेडात फार काळ टांगून ठेवत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्ष गेलात तरी हवं ते चित्र भिंतीवर असेलच असं नाही. वेन थोंगचा वेळू पडद्यावर मोठा करून उघडा. एक साधा गोल कुंचला, वाटीभर पाणी आणि एक जुनं वर्तमानपत्र घ्या. नुसत्या पाण्यानं एक पान काढा: टेकवा, दाबा, उचला. पाणी वाळून पान पुसलं जाईल, तेव्हा दुसरं काढा. दहा-वीस पानं झाली की मान वर करून पडद्यावरच्या शेंड्याकडे पाहा.